बावीस हात तार

पिंपळखुटी, ता. भोकर, जि. नांदेड
२२ ऑगस्ट १९८२

श्री. भुजंगराव यांना पंचशीलाचा जयभीम.

आत्यांनी लिहायला लावलं म्हणून हे पत्र. त्यांना लिहिता येत नाही, आणि तुम्हाला जाऊन तीन आठवडे झाले तरी तुमचा एक शब्द नाही. तारघरात नोकरी करणाऱ्याच्या घरी निरोप येत नाही याचं गावाला नवल वाटून राहिलं आहे. बायका पाण्याच्या रांगेत विचारतात. मी सांगते, राहायला जागा मिळाली की नेणार आहेत. खरं काय ते मला माहीत नाही.

लातूर जिल्हा झाल्याचं रेडिओच्या बातम्यांत ऐकलं. आत्यांना लई आनंद झाला. "म्हंजे आता माझं लेकरू जिल्ह्याच्या गावाला हाय," म्हणाल्या आणि शेजारी साखराबाईला सांगायला गेल्या.

रेडिओवर तुमच्याशी बोललेल्या कुणाचं तरी जपानवरून तुमच्या नावाचं कार्ड आलं आहे. पोस्टमननं आधी अर्ध्या गावाला दाखवलं, मग आम्हाला दिलं. पुढं डोंगराचं चित्र, मागं तुमची कॉल साईन, म्हणजे लायसनवरचं तुमचं रेडिओचं नाव, आणि शेवटी त्र्याहत्तरचा आकडा. त्र्याहत्तर म्हणजे शुभेच्छा, हे लग्नाच्या पहिल्या वर्षी तुम्हीच मला सांगितलं होतं. कार्ड ट्रंकेत ठेवलं आहे. जुना रिसीव्हर कापडानं झाकून ठेवला आहे. बाहेरची तुमची रेडिओची तार वाऱ्यानं तुटली, अर्धी ग्यानोबाभाऊंच्या लिंबावर लोंबते आहे.

पोळा झाला पण पाऊस नाही. ज्वारी गुडघ्याच्या वर आली नाही. आपल्याला शेत नाही म्हणून आपलं काही अडत नाही असं तुम्ही म्हणायचे, पण विहिरीचं पाणी सगळ्यांनाच लागतं.

माझ्या आईबद्दल मी काही विचारणार नाही. विचारून झालं आहे. मला न्यायचं आहे का नाही, एवढं कळवा.

पंचशीला


३ नोव्हेंबर १९८२

जयभीम.

तुमचं कार्ड मिळालं. "मी बरा आहे. काळजी नसावी." मी आत्यांना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "फिरून वाच." फिरून वाचलं तरी तेवढंच निघालं.

तुमच्या जागी जे तारबाबू आले आहेत, ते परवा खिडकीवर बोलता बोलता म्हणाले, "भुजंगरावांची बदली कुठं झाली बाई, त्यांनी ती मागून घेतली. साहेब नको म्हणत होते." मला तुम्ही सांगितलं होतं की नवा जिल्हा होतो आहे, तिथं माणसं कमी पडतात, वरून हुकूम आला. घरी येईपर्यंत मी एकच विचार करत होते, की यातलं खरं कोण बोलतं आहे.

खोटं मीही लिहिलं आहे. तार वाऱ्यानं तुटली नाही. तुमची एसटी फाट्यावरून वळली, मी घरी आले आणि विळ्यानं ती कापली.

का कापली ते तुम्हाला माहीत आहे. तरी लिहिते, कारण लिहिल्याशिवाय माझं मलाच समजून नाही राहिलं. जूनमधला तो शुक्रवार. दादानं माहूरहून तार पाठवली. ती तुम्हीच घेतली, तुमच्याच अक्षरात कागदावर उतरवून घरी आणली. इंग्रजीत लिहिलं होतं, मदर वेल सेंड पंचशीला. तुम्ही म्हणालात, "आई बरी आहे, तुला बोलावलंय. सवडीनं जा." मग मी सवडीनं निघाले. रविवारी तुम्हाला नवी तार चढवायची होती. मी उन्हात दोर धरून उभी राहिले आणि तुम्ही लिंबावरून सांगत होतात, "अजून दोन हात सोड. आता धर." सोमवारी मी एसटीत बसले. आईसाठी लुगडं घेतलं होतं. माहूरला पोचले तर आईची माती करून लोक परतत होते. दादाचे केस ओले होते. तो एवढंच म्हणाला, "आता आलीस?"

दादाकडं तारेची नक्कल होती. तिच्यात एक शब्द जास्त होता. मदर नॉट वेल.

मी परत येऊन दोन्ही कागद तुमच्यापुढं ठेवले. तुम्ही लई वेळ बघत बसलात आणि उठून बाहेर गेलात. त्यानंतर दीड महिना आपण एका घरात राहिलो, पण त्या शब्दाबद्दल तुम्ही तोंड उघडलं नाही. रविवारी दोर धरायला माणूस पाहिजे होतं म्हणून तुम्ही तो शब्द गाळला, असं मी समजले. दुसरं काय समजू?

आता तुम्ही म्हणाल, तार कापली हे आता का सांगते आहेस. कारण मी ती परत चढवली आहे.

रविवारी सकाळी तुम्ही रेडिओच्या त्या डब्यापुढं बसायचे ना, आत्या अजून त्या वेळेला खिडकीखाली येऊन बसतात. मागच्याच्या मागच्या रविवारी म्हणाल्या, "तिथं बी बोलतच आसंल की कुणाशी तरी. आपल्याला ऐकू येत न्हाई का गं?" दुसऱ्या दिवशी मी तुमची रेडिओची वही काढली.

वहीत लिहिलं आहे, दोन्ही बाजूंना तेहेतीस-तेहेतीस फूट, म्हणजे बावीस हात. ट्रंकेत मोटारीच्या गुंडाळीची तांब्याची तार उरली होती. मी कोपरापासून बोटापर्यंत मोजून बावीस हात कापली. मग लिंबावरून उरलेला तुकडा ओढून काढला, चांगली असलेली दुसरी बाजू खाली उतरवली आणि दोन्ही अंगणात शेजारी शेजारी अंथरल्या. माझी दोन हात आखूड भरली. तुमचा हात माझ्यापेक्षा मोठा, हे मोजताना माझ्या ध्यानातच आलं नाही. पुन्हा नवा तुकडा काढला, या वेळी तुमच्या तारेला लावून मापला. मधल्या सागाच्या तुकड्याला दोन्ही बाजू बांधल्या, खिडकीत येणारी जोडवायर जोडून डाख दिला. दोराला दगड बांधून लिंबाच्या बेचक्यातून टाकायला मला अकरा वेळा लागले. साखराबाई भिंतीवरून मोजत होत्या.

रिसीव्हर लावला तर नुसती खरखर. दोन दिवस मला वाटत होतं, डबा बिघडला. मग तुमच्या वहीत एका कोपऱ्यात बारीक अक्षरात दिसलं, तारेवरची लाख खरवडल्याशिवाय डाख देऊ नये. तार पुन्हा खाली घेतली. ब्लेडनं खरवडली, चिंचेनं घासली, मग जोडली.

आता आवाज येतो. अजून तुमचा आला नाही.

पंचशीला


१२ डिसेंबर १९८२

जयभीम.

आज रविवार. सकाळी आठ वाजून वीस मिनिटांनी तुमची कॉल साईन ऐकली. तुम्ही ती जेवताना ताटावर वाजवायचे, खाटेच्या पाटीवर वाजवायचे, मला झोपेतसुद्धा ओळखता येईल. मी आत्यांना हात करून बोलावलं. त्यांच्या कानाला हेडफोन लावला. त्यांनी थोडा वेळ ऐकलं आणि विचारलं, "ह्यो भुजंग हाय?" मी म्हणाले, "हाव." त्या म्हणाल्या, "नुसतंच टीटी वाजून राहिलं की. बोलत का न्हाई?" पण हेडफोन काढू देईनात.

तुम्ही नेहमी म्हणायचे, आपली तार फार खाली आहे, परदेश नीट पोचत नाही. वहीत मात्र तुम्हीच लिहून ठेवलं आहे की तार खाली असली म्हणजे जवळची स्टेशनं चांगली येतात. लातूर अगदी शेजारच्या खोलीतल्यासारखं येतं.

तुम्ही मला मोर्सची अक्षरं एम पर्यंत शिकवली आणि मग तुम्हाला सवड राहिली नाही. पुढची मी वहीवरून पाठ केली. तुम्ही ज्यांच्याशी बोलता ते हैदराबादचे म्हातारे गृहस्थ लई सावकाश वाजवतात, म्हणून मला त्यांचं लिहून घेता येतं. आज त्यांनी तुम्हाला काही विचारलं, त्यात एक्स वाय एल अशी तीन अक्षरं होती. वाय एल म्हणजे तरुण बाई, हे वहीत सापडलं. एक्स वाय एलचं पान फाटलेलं आहे. एक्स म्हणजे फुली. फुली मारलेली बाई म्हणजे कोण? त्यांना तुम्ही माझ्याबद्दल काय सांगितलं आहे? तुमचं उत्तर मी लिहून घेतलं, त्यातलं कोरडं आणि थंड एवढंच मला कळलं. बायकोचा विषय निघाला की माणूस कोरडं आणि थंड म्हणतो, याचा अर्थ मी काय लावू?

इकडं दुष्काळाचं सगळे बोलतात. परवा ग्यानोबाभाऊ आले. अंगणात उभे राहून तारेकडं बघत होते.

"वहिनी, तेवढी तार सोडून घ्या."

"का भाऊ?"

"लोक म्हणून राहिलेत, तारेनं ढग फाटतात. मला काय तसं वाटत न्हाई. पण लिंब माझा हाय, बोल मला लागून राहिले."

मी विचारलं, "ऑगस्टात तार कुठं होती?"

"खाली पडलेली."

"सप्टेंबरात?"

"तवाबी खालीच."

"मग तवा किती पाऊस पडला?"

त्यांनी डोकं खाजवलं. "ते बी खरं हाय," म्हणाले आणि गेले. संध्याकाळी साखराबाई येऊन विचारत होत्या, या डब्यात पावसाची बातमी लागत नाही का.

एक्स वाय एल म्हणजे काय, ते कळवा. तुम्ही कळवलं नाही तर मी दुसऱ्या कुणाला विचारीन.

पंचशीला


८ फेब्रुवारी १९८३

जयभीम.

तुमचं उत्तर आलं नाही. मी नांदेडला जाऊन आले.

वजिराबादेत शिवमूर्तीअप्पांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे, त्यांच्याकडं तुमच्यासारखंच लायसन आहे, हे तुमच्या तोंडून ऐकलं होतं. मी गेले, नाव सांगितलं, तुमची कॉल साईन सांगितली. त्यांनी खुर्ची पुसून दिली. मी कागदावर लिहून नेलेली तीन अक्षरं पुढं केली. ते हसले. म्हणाले, "बाई, ह्याचा अर्थ बायको. आधी तरुण मुलगी होती, आता घरवाली झाली, म्हणून पुढं एक्स. जगभर सगळे असंच म्हणतात. वाईट वाटून घेऊ नका."

दोन महिने मी त्या फुलीवर रडले होते. ते अप्पांना सांगितलं नाही.

मग मी दुसरा कागद दाखवला. रविवारी मी जे जे लिहून घेते त्याचा तो कागद होता. त्यांनी तो वाचून दाखवला. हैदराबादच्या गृहस्थांनी विचारलं होतं, बायको कशी आहे. तुम्ही उत्तर दिलं, हवा कोरडी आहे, थंड आहे. हवामानाला डब्ल्यू एक्स म्हणतात, तेही अप्पांनी सांगितलं. मला पहिल्यांदा रागच आला. बायको कशी आहे म्हटलं की हा माणूस हवापाणी सांगतो.

पण अप्पा कागद खाली ठेवेनात. खालच्या ओळी वाचत गेले. म्हाताऱ्यांनी विचारलं, नवी तार किती उंच आहे. तुम्ही त्यांना वय सांगितलं. त्यांनी वय पुन्हा सांगू नका, उंची सांगा म्हटलं. तुम्ही म्हणालात, पुन्हा वाजवा. त्यांनी अजून सावकाश वाजवलं. तुम्ही म्हणालात, पुन्हा वाजवा. एकाच सकाळी तुम्ही सहा वेळा पुन्हा वाजवा म्हणालात. मी नवखी आहे, माझी निम्मी अक्षरं सुटतात, पण जे मला ऐकू येत होतं ते तुम्हाला येत नव्हतं.

अप्पा म्हणाले, "भुजंगरावांचा कान म्हणजे नावाजलेला. दोघांच्या तारा एकदम वाजत असल्या तरी दोन्ही लिहून घ्यायचे." मग कागदाची घडी घालून माझ्या हातात दिली. चहा निवून गेला.

येताना एसटीत मला एक एक आठवत गेलं. मी चुलीपाशी काही बोलले की तुम्ही 'अं' करायचे. मी समजायचे, लक्ष नाही. आत्यांनी हाक मारली की तुम्ही माझ्या तोंडाकडं बघायचे. दारावर कुणी आलं की मी उठेपर्यंत बसून राहायचे. मला वाटायचं, डब्याच्या नादात घराकडं ध्यान राहिलं नाही.

लातूरला यंत्र आहे म्हणतात, तार आपोआप कागदावर छापून येते, कान लागत नाही. म्हणून तुम्ही लातूर मागून घेतलं का?

आणि आईची तार. ती तुम्ही गाळली, की तुम्हाला ऐकूच आली नाही?

या पत्राला तरी उत्तर द्या.

पंचशीला


१३ मार्च १९८३

जयभीम.

तुमचं पत्र आठ दिवसांपूर्वी आलं. आत्यांना मी त्यातलं वाचून दाखवलेलं नाही. तब्येत बरी आहे एवढंच सांगितलं.

तुम्ही लिहिलं आहे, शब्द ऐकू आला नाही, पण तारेच्या आधी पाठवतात तो शब्दांचा आकडा जुळत नव्हता. एक शब्द कमी भरत होता हे तुम्हाला त्याच वेळी कळलं होतं. पलीकडच्याला पुन्हा वाजव म्हणायला पाहिजे होतं. पण त्या दिवशी आधीच तीनदा म्हणून झालं होतं आणि तो चिडून म्हणाला होता, कानात बोळे घातले का. म्हणून तुम्ही आकडाच बदलला. आई बरी आहे असं वाचून तुम्हालाही बरं वाटलं होतं, असं लिहिलं आहे.

आणि शेवटी लिहिलं आहे, "तू मला खोटारडा समजलीस ते मी सोसलं. बहिरा समजली असतीस तर ते ऑफिसपर्यंत गेलं असतं. घरातला मी पहिला नोकरीवाला, आईनं मला कसं शिकवलं ते तुला ठाऊक आहे."

मी हे पत्र किती वेळा वाचलं असेल, सांगता येत नाही. आठ महिने मी एका माणसावर राग धरून होते. स्वतःच्या हौसेपायी बायकोला तिच्या आईपासून अडवणारा माणूस. तो माणूस नव्हताच म्हणता. मग माझा राग कुठं ठेवू? जाईल असं वाटलं होतं, पण गेला नाही. चूक झाली हे एका घडीचं. पण मी कागद पुढं ठेवले तेव्हा तुम्ही चूक झाली म्हणाला असतात, तर मी रडले असते, भांडले असते, आणि तुमच्याजवळच राहिले असते. तुम्हाला बायको गेलेली चालली, कान गेलेला कळायला नको होतं. असं मी लिहिते आणि लगेच वाटतं, मी फार वाईट बोलून राहिले. तुम्ही एकटे त्या खोलीत हेडफोन लावून, रोज किती ऐकू येतं ते तपासत असाल, ते डोळ्यांपुढं येतं. मग पुन्हा आई येते.

मी माहूरला गेले होते. दादाला सगळं सांगितलं. त्यानं मला पाणी आणून दिलं. मग म्हणाला, "आई शेवटच्या दिवशी दाराकडं बघत होती. तुला ते सांगणार नव्हतो." आणखी थोड्या वेळानं विचारलं, "त्याला दवाखान्यात दाखवलं का?" दोन्ही वाक्यं एकाच माणसाची. मला ती एकत्र ठेवता येत नाहीत.

पण एक गोष्ट मला साफ कळते, तेवढी ऐका. तुम्हीच लिहिलं आहे की यंत्रावर आलेल्या तारा पुढं खेड्यांना फोनवरून वाचून सांगतात, आणि खेड्यांतून येणाऱ्या तुम्ही फोनवर ऐकून घेता. म्हणजे अजूनही लोकांचे शब्द तुमच्या कानावरून जातात. सगळा जिल्हा नवा, लोक पोट भरायला बाहेर गेलेले, घरी म्हातारी माणसं. कुणाची आई बरी आहे आणि कुणाची नाही, हे तुम्ही अंदाजानं लिहू नका. साहेबाला सांगा. नोकरी जाईल का राहील, मला माहीत नाही. मी रोजगार हमीच्या कामावर जाते आहेच.

तुमच्यानं एकट्यानं होत नसेल तर मी येते. १० एप्रिलला रविवारी निघेन. सोमवारी तुम्ही आत जा, मी बाहेर बसते.

पंचशीला


पिंपळखुटी
१३ एप्रिल १९८३

जयभीम.

काल सुखरूप पोचले. रात्री नांदेडला अप्पांच्या घरी उतरले होते, त्यांच्या सुमनबाईंनी जाऊ दिलं नाही. उद्या जयंती आहे, विहाराच्या समोर पताका लावून झाल्या. आत्या माझी वाट बघत फाट्यावर येऊन बसल्या होत्या. मी त्यांना आता सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्याचा बाप बी चाळिशीत ऐकायचा बंद झाला होता. मला वाटलं, मुद्दाम करतो. लई शिव्या दिल्या म्या त्याला." आणि डोळ्याला पदर लावून बसल्या.

सोमवारी तुम्ही साहेबांच्या खोलीत होतात तेव्हा बाहेर काय झालं ते तुम्हाला माहीत नाही. बाकावर माझ्याशेजारी औशाकडच्या एक बाई होत्या, गंगम्मा नावाच्या. मुलगा सोलापूरला कामाला, त्याला तार करायची होती. फॉर्म भरता येत नव्हता. मला म्हणाल्या, "लिही बाई, पाणी न्हाई, बैल इकून टाकले, तू तिथंच ऱ्हा, येऊ नको." मी लिहिलं. येऊ नको हे मी त्यांना तीनदा विचारलं, की नक्की येऊ नको ना. त्या वैतागल्या.

तुम्ही बाहेर आलात, घाम पुसत होतात. म्हणालात, "सिव्हिलला तपासायला पाठवून राहिलेत. तवर तारेच्या टेबलावरून काढलं. टपालाच्या बाजूला बसायचं." साहेब काय म्हणाले विचारलं तर म्हणालात, "म्हणाले, आधी सांगायचं." एवढं सांगून तुम्ही चालायला लागलात. तुम्हाला मोकळं वाटत होतं का मेल्यासारखं वाटत होतं, ते मला तोंडावरून ओळखता आलं नाही. मला माझं स्वतःचंही ओळखता आलं नाही.

पुढचं लिहिण्यासाठी हे पत्र आहे.

आपण तुमच्या खोलीवर आलो. टँकर आला होता. तुम्ही पाणी आणून दाराशी हंड्यात ओतत होतात, तुमची पाठ माझ्याकडं होती. बाहेर बायकांचा गलका चालू होता. मी तुमच्या मागं उभी होते. मी एक विचारलं. ते विचारायला मला माहूरपासून लातूरपर्यंतचा सगळा रस्ता लागला होता. तुम्ही वळला नाहीत. घागर रिकामी केली, हात पुसले, माझी पिशवी उचलली आणि म्हणालात, "चल, दोनची गाडी चुकंल."

मी तुमच्या मागं स्टँडवर आले. मला वाटलं, हेच उत्तर. तुम्ही खिडकीतून मला पाण्याची बाटली दिलीत, मी ती घेतली, तुमच्याकडं बघितलंसुद्धा नाही. गाडी सुटल्यावर तुम्ही तिथंच उभे होतात.

अहमदपूरला गाडी थांबली तेव्हा इंजिन चालूच होतं. शेजारच्या म्हातारीनं माझ्या दंडाला हात लावला. म्हणाली, "कवापासून इचारून राहिले बाई, ह्ये अहमदपूर हाय का? बोलत का न्हाईस?" मला तिचा एक शब्द ऐकू आला नव्हता. मग मला एकदम तुमची पाठ आठवली, आणि तो टँकरचा गलका.

मी उतरणार होते. पिशवी हातात घेऊन दारापर्यंत गेले. पण साखराबाईला मंगळवारपर्यंत आत्यांजवळ राहायला सांगून आले होते, कंडक्टर बसा बसा म्हणाला, आणि गाडी निघाली. रस्ताभर मी ठरवत होते की तुम्हाला ऐकू आलं होतं, आणि पुन्हा ठरवत होते की आलं नव्हतं. लोहा गेलं, नांदेड आलं, तरी ठरलं नाही.

आईचं मला अजून विसरता येत नाही. येईल असं लिहून देत नाही. तुमच्याबरोबर राहून ते कमी होईल का वाढेल, हेही माहीत नाही. तरीसुद्धा विचारलं होतं.

हंडा भरताना तुमच्या पाठीमागून मी म्हणाले होते, "मी इथंच राहू का?"

तुम्ही उत्तर दिलं नाही, की तुम्हाला ऐकूच आलं नाही, ते कळवा.

पंचशीला